पाठीमागचा पडदा

दिवाळीच्या पाडव्याला आणि भाऊबीजेला पूर्वी माझ्या स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसे. शिरवणे गाव ते केवढे! पण नव्या कपड्यांची घडी मोडली की ती मोडल्याचा पुरावा हवा, अशी त्या वेळची समजूत असावी. कुटुंबेच्या कुटुंबे येत. बाप खुर्चीवर, आई शेजारी उभी, आणि पोरे ओट्यावर पणत्या मांडाव्यात तशी ओळीने. त्यांच्या पाठीमागे मी एक रंगवलेला पडदा सोडीत असे. त्यावर निळे सरोवर, दोन हंस, मागे बर्फाचे डोंगर आणि एका बाजूला संगमरवरी जिना. तो जिना कुठून निघून कुठे जातो हे मला पन्नास वर्षांत उमगलेले नाही.

दाराबाहेर भातखाचरे आणि पलीकडे खाडी असताना आगरी माणसाने बर्फाच्या डोंगरापुढे उभे राहावे, यात त्यालाही काही वावगे वाटले नाही आणि मलाही नाही. आता वाटते. का वाटते, तेच सांगायला बसलो आहे.

या पडद्याची वंशावळ मोठी जुनी आहे. १८३९ साली पॅरिसात दागेरची युक्ती जाहीर झाली आणि थोड्याच काळात कॅमेरा हिंदुस्थानच्या बंदरांत उतरला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढीत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर त्याचा धंदाच थाटला. आपल्या लोकांनी ही विद्या उचलायला उशीर लावला नाही, एवढे खरे.

त्याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाच्या एका साहेबाने मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या माणसांची चित्रे घेऊन त्यांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली मेख अशी, की माणसे एकीकडे टिपलेली आणि देखावे दुसरीकडचे. माणसाची आकृती त्या देखाव्यावर बसवून मग एक चित्र छापायचे. माणूस खरा, देखावाही खरा, पण दोघांची गाठ जन्मात कधी पडलेली नाही! माझा हंसांचा पडदा त्याच घराण्यातला.

दुसरीही एक वाट होती. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करीत. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोप रोज थोडे थोडे टिपून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. म्हणजे आपल्या सिनेमाच्या बापाला पहिल्याने कॅमेरा रोखावासा वाटला तो घरातल्या कुंडीवर. ही गोष्ट मी तरुणपणीच वाचली होती. वाचून काय उपयोग? मला डोंगर हवे होते.

डोंगर मी भरपूर पाहिले. पहिला कॅमेरा अ‍ॅग्फा क्लिक, एका रोळात बारा चित्रे. धंद्यातून चार पैसे सुटले की मी गाडीत बसलेला असे. केदारनाथ झाले, काश्मीर झाले, जैसलमेरची वाळू झाली. एक सूर्योदय साधावा म्हणून तीन पहाटे थंडीत कुडकुडलो आहे. या भटकंतीने मला पुष्कळ दिले, ते मी नाकारीत नाही. परक्या मुलखात अनोळखी माणसाच्या चुलीपाशी बसून चहा प्यायल्याशिवाय माणसाचा चेहरा कसा वाचावा हे कळत नाही. पण घरी परतलो की कॅमेरा पुन्हा पडद्यासमोर. गावात टिपण्यासारखे आहे तरी काय, असा माझा रोकडा हिशेब होता.

आणि त्याच काळात गाव पायाखालून सरकत होते. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या नगरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली पंच्याण्णव गावे निवडली गेली. शिरवणे त्यांतलेच एक. १९७३ साली खाडीवर पूल झाला आणि ठाण्याचा वळसा संपला. मुंबई जवळ आली म्हणून आम्ही पेढे वाटले. आपण मुंबईजवळ गेलो नसून मुंबईच आपल्या खाचरात येते आहे, हे उमजायला वेळ लागला.

१६ आणि १७ जानेवारी १९८४. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण भागात, जासईच्या परिसरात, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची जी योजना आली, तिच्या मुळाशी हे रक्त आहे. आमच्या आळीतलीही माणसे त्या आंदोलनात होती. मी कुठे होतो? राजस्थानात, भरतपूरच्या दलदलीत, सायबेरियातून हिवाळ्यापुरते येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचांची वाट पाहत. चित्रे उत्तम आली. ते क्रौंच २००२ नंतर तिथे आलेले नाहीत, म्हणून ती चित्रे आज मोलाची मानतात. गावाला परतल्यावर मात्र शेजाऱ्याने एवढेच विचारले, “फोटू काढलंस?” मी हो म्हणालो. त्याला कसले फोटो अभिप्रेत होते ते त्याने बोलून दाखवले नाही.

आता मूळ हकीकतीकडे येतो. गेल्या वर्षी नवरात्र आटोपल्यावर एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. स्टुडिओ आता नावालाच उघडा असतो. फोटो ज्याच्या त्याच्या खिशात आहे. मला वाटले, गेलेल्या धन्याचा फोटो मोठा करून हवा असेल. तसे पुष्कळ येतात.

“नाय रं दादा,” ती म्हणाली, “धनी हाय भिंतीवर. मना आमचा मिठागर पायजे.”

मिठागराचा फोटो कोण काढतो? भरतीचे पाणी बांधातल्या उघडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात आटवीत न्यायचे, आणि उन्हाळ्यात खाली उरलेले मीठ ओढून त्याच्या राशी लावायच्या. बाराही महिने पाहिलेली गोष्ट. तिच्यावर रोळ खर्चावा असे मला एकदाही वाटले नव्हते. मी तसे सांगितले. पण म्हातारी हटेना. “माजे लग्नान तू आलेलास ना? बग की.”

दोन दिवस पेट्या उपसल्या. बुरशीचा वास, चिकटलेल्या पट्ट्या. अखेर सापडले, १९७९ च्या वैशाखातले. मांडवात उजेड कमी म्हणून मी नवरानवरीला बाहेर बांधावर उभे केले होते. बाजूला धवलारीण तोंड उघडून गात आहे, आणि पाठीमागे उन्हात चकाकणारे वाफे, मिठाच्या चार राशी आणि लाकडी फावडे टेकून उभा असलेला तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस. त्या माणसाकडे माझे लक्ष त्या दिवशी नव्हते, आणि नंतर छापतानाही मी कडेचा भाग कापूनच टाकला होता. नेगेटिव्हमध्ये मात्र तो सहेचाळीस वर्षे उभा होता.

मग मला चटकच लागली. पडद्यापुढची चित्रे बाजूला सारून मी बाहेर काढलेली लग्ने, हळदी, बारशी तेवढी उजेडावर धरू लागलो. नवरे-नवऱ्या बदलतात आणि त्यांच्या मागे इतिहास सरकत जातो. आधी भात, मग मीठ, मग भराव घातलेले खाजण. एका बारशामागे सिमेंटचे उघडे खांब. १९९२ साली आगगाडी वाशीपर्यंत आली, पुढल्या वर्षी नेरूळपर्यंत. त्यानंतरच्या एका वरातीमागे विजेची तार गेलेली दिसते. अगदी अलीकडच्या एका साखरपुड्यामागे खाडीत गुलाबी रेघ आहे, ते रोहित पक्षी. २०१५ साली ठाणे खाडीत त्यांचे अभयारण्य झाले आणि आता कॅमेरे घेऊन लांबलांबून लोक इथे येतात. त्यांना पाहून मला हसू येते. त्यांच्याही गावात कुणी नवरी बांधावर उभी असेल.

चित्र मोठे करून दिले. म्हातारीने स्वतःकडे, नवऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या तांदळाच्या दाण्यावर बोट ठेवून ती नातवाला म्हणाली, “यो तुजे बापाचा आजा.” मग बोट बांधावरून हळूहळू उजवीकडे नेत कडेपर्यंत आणले आणि माझ्याकडे पाहिले.

“यापुढं?”

“एवढेच आले आजी. पुढचे फोटोत नाही.”

“तिकडं आमचा घर व्हता.”

पेट्या एकंदर त्रेचाळीस आहेत. अकरा झाल्या. हंसांचा पडदा मी काढून त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून पांघरला आहे. कापड जाड आहे, त्या कामाला बरे पडते.