बुनाकेन
इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाशी, मानाडो शहरासमोर सेलेबीस समुद्रात असलेले छोटे बेट. येथील उभ्या प्रवाळभिंतींमुळे ते स्कूबा डायव्हिंगसाठी जगभर प्रसिद्ध आहे. बुनाकेनसह पाच बेटे आणि सुलावेसीच्या किनाऱ्याचा काही भाग मिळून १९९१ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८९,००० हेक्टर आहे.

किनाऱ्यालगतचा उथळ प्रवाळमंच संपताच तळ एकदम सुटतो. आसपासचा समुद्र हजार मीटरपेक्षाही खोल आहे. प्रवाहातून सतत येणाऱ्या सूक्ष्म प्लवकांवर ही भिंत पोसली जाते. वरच्या, उजेडाच्या पट्ट्यात कठीण प्रवाळ वाढतात. खाली मऊ प्रवाळ, मोठाले स्पंज आणि पंख्यासारखे पसरलेले गॉर्गोनियन प्रवाळ दिसतात. याच पंख्यांवर जेमतेम दोन सेंटिमीटरचा बुटका समुद्रघोडा शेपटीने विळखा घालून बसतो. त्याच्या अंगावरच्या गाठी प्रवाळाच्या कळ्यांशी इतक्या मिळतात की तो हलल्याशिवाय नजरेस पडत नाही. कपारींत हिरवी समुद्री कासवे विसावलेली असतात. पाणी लाल प्रकाश लवकर शोषून घेते, त्यामुळे वीस मीटरवर सारे करडे-निळे भासते; टॉर्च लावताच तीच भिंत लाल-केशरी होते.

या भिंतीलगतच्या खोल पाण्यात केवढे प्राचीन जीवन दडले आहे, हे १९९८ मध्ये कळले. शेजारच्या मानाडो तुआ या ज्वालामुखी बेटाजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात सीलाकँथ हा प्राचीन वंशाचा मासा जिवंत सापडला. पुढच्या वर्षी त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद झाली.

डायव्हर प्रवाहाबरोबर भिंतीलगत तरंगत जातो आणि बोट वरून त्याच्या मागोमाग येते. पायाखाली तळ नसल्याने खोली किती झाली ते कळत नाही, शिवाय प्रवाह कधी खालीही ओढतो. म्हणून खोलीमापकावर सतत लक्ष हवे. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर असली, तरी येथे खोल जाण्याची घाई व्यर्थ आहे. सर्वाधिक वैभव पहिल्या पंधरा-वीस मीटरांतच आहे. पावसाळ्यात मानाडोकडून वाहून येणारे प्लॅस्टिक ही उद्यानाची मोठी चिंता आहे. पण डायव्हरच्या पायातील फिनचा एक फटकाही अनेक वर्षांची प्रवाळवाढ मोडतो. पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणे अंगवळणी पडले नसेल, तर आधी वाळूच्या तळावर सराव करावा आणि मगच या भिंतीकडे यावे.