रंगुनी तांदूळ आणि कोकणातील आपली घरे

रत्नागिरीस शाळेची सहल घेऊन जाण्याचा योग आम्हांस नोकरीच्या काळात अनेकदा आला. थिबा राजाचा राजवाडा दाखविताना आम्ही मुलांस सांगत असू की, ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले, पुढील वर्षी त्यास येथे आणून ठेविले आणि १९१६ साली तो येथेच वारला. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, राजा इकडे आला, मग तिकडून आणखी काय आले?” प्रश्न पोरकट होता, परंतु त्याचे उत्तर देण्यास आम्हांस पुढे पुष्कळ वर्षे लागली. तिकडून तांदूळ आला, आणि तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात दोन पिढ्या वाढला गेला. मंडाले म्हटले की आपणांस लोकमान्यांची आठवण होते व ते योग्यच आहे. पण रंगून म्हटले की आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांस तांदूळच आठवत असे. त्या तांदळाची हकीकत आपल्या ज्ञातिबांधवांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

इरावती नदीच्या मुखाकडील सखल प्रदेश इंग्रजांनी १८५२ च्या युद्धातच घेतला होता. म्हणजे थिबाच्या हाती तो कधीच नव्हता. तेथे त्या काळी रान आणि दलदल फार. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, परदेशांत तांदळास गिऱ्हाईक वाढले, आणि ब्रह्मी शेतकऱ्यांनी रान तोडून लक्षावधी एकर नवी जमीन भाताखाली आणली. भांडवल पुरविले ते मुख्यत्वे मद्रासेकडील चेट्टियार सावकारांनी. रंगुनास वाफेच्या मोठमोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ब्रह्मदेश हा जगातील सर्वांत मोठा तांदूळ-निर्यात करणारा मुलूख होता. वर्षास सुमारे ३० लाख टन तांदूळ बाहेर जाई व त्यातील जवळजवळ निम्मा हिंदुस्थानात येई.

आता आपल्या कोकणाकडे पाहू. डोंगर-उताराची जमीन, दगडी बांध घालून केलेली चिमुकली खाचरे, शेतात पाला-पाचोळा आणून राब भाजायचा, चिखलात लावणी करायची, आणि निघालेले भात घिरटावर भरडून उखळात कांडायचे. वरकस जमिनीत एक वर्ष नाचणी, मग वरी, मग हरीक, आणि नंतर काही वर्षे जमीन पडीक ठेवायची. इतके करूनही घरचे धान्य वर्षभर पुरेल अशी घरे थोडी. रत्नागिरी जिल्हा हा पहिल्यापासून तुटीचा जिल्हा. मुंबईच्या गिरणीत वा गोदीत असलेला मुलगा मनीऑर्डर पाठवी, व त्या पैशाने उरलेल्या महिन्यांची सोय होई. ही सोय म्हणजे पुष्कळ ठिकाणी रंगुनी तांदूळ. आगबोटीने तो बंदरात येई, पडावांतून किनाऱ्यास लागे आणि डोक्यावरून गावात पोहोचे. घाटावरून बैलगाडीने येणाऱ्या धान्यापेक्षा समुद्रापलीकडून येणारे धान्य स्वस्त पडावे, हे आजच्या मुलांस नवल वाटते. पण पाण्यावरील वाहतूक ही नेहमीच स्वस्त, आणि कोकणास तर रस्ते जवळजवळ नव्हतेच.

यात आणखी एक गोष्ट होती व ती सांगताना आम्हांस संकोच होतो, कारण आपल्या ज्ञातीत खोत होते आणि कुळेही होती. अर्धेलीच्या भातजमिनीत पिकाचा निम्मा हिस्सा खोताकडे जाई, वरकसात तिसरा. ज्याने पिकविले त्याच्या घरी राहिलेले भात शिमग्यापर्यंतही पुरत नसे. मग तो बाजारातून रंगुनी तांदूळ आणी. तेव्हा ‘घरचे सोडून परक्याचे खाल्ले’ असा दोष ज्यांस द्यायचा, त्यांच्या घरात घरचे किती उरत होते हे अगोदर विचारले पाहिजे. खोती मोडावी यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली कायदेमंडळात विधेयक मांडले होते; प्रत्यक्षात ती कायद्याने गेली १९४९ नंतर.

१९२९ पासून जगभर मंदी आली. धान्याचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले. मुंबईत गिरण्यांच्या पाळ्या बंद झाल्या, कामगार घरी परतले, मनीऑर्डरी आटल्या. आमच्या घरी आजोबांची त्या वर्षांतील कीर्द शिल्लक आहे. कागद पिवळा पडला आहे, एका बाजूने वाळवीने खाल्ला आहे, तथापि अक्षर स्वच्छ आहे. १९३१ सालच्या पानावर ‘वरची दोन मळ्ये या साली करणे नाही’ अशी ओळ आढळते. त्याखालीच ‘रंगुनी पोती २’. त्या दोन ओळींत सगळे आले. भात विकावे तर बियाणे व मजुरीही सुटेना, आणि बाजारात पोते घरच्या पिकाहून स्वस्त. आजोबा व्यवहारी होते. त्यांनी हिशेब केला आणि डोंगराकडील नाचणी-वरीची वावरे सोडून दिली. आजीस ते पटले नव्हते असे वडील सांगत. “जमीन एकदा माजली की माणसाला ओळखत नाही,” असे ती म्हणे. पण घरात खाणारी तोंडे अकरा होती, आणि स्वस्त पोत्याने ती जगली, हेही तितकेच खरे.

हे स्वस्त पोते दुसऱ्या कोणास महाग पडत होते, याची आपल्या लोकांस तेव्हा कल्पना नसावी. भाव कोसळल्यावर ब्रह्मी शेतकऱ्यास सावकाराचे कर्ज फेडता येईना. १९३० च्या अखेरीस तेथे साया सान याच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचे बंड झाले, ते सरकारने मोडून काढले. दक्षिण ब्रह्मदेशातील भातपिकाच्या प्रमुख जिल्ह्यांत १९३० साली चेट्टियारांच्या मालकीची जमीन सुमारे ६ टक्के होती. सात-आठ वर्षांत ती २५ टक्क्यांवर गेली. म्हणजे आमच्या आजोबांनी वरची वावरे सोडली, त्याच वर्षांत इरावतीकाठचा शेतकरी आपली खालची वावरे गमावीत होता. एकाच पोत्याची ही दोन टोके.

सरकारने काही केले नाही असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या गव्हावर १९३१ साली जकात बसली, आणि सयामकडून मद्रास इलाख्यात येणाऱ्या तुकडा तांदळावर १९३५ साली मणामागे १२ आणे. परंतु ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत गणला जाई. त्याच्या तांदळास परका म्हणावे कसे?

मग १९४२ साल उजाडले. मार्च महिन्यात रंगून जपान्यांच्या हाती पडले. लक्षावधी हिंदी लोक डोंगर-जंगलांतून पायी निघाले, आणि तांदळाची बोट जी थांबली ती थांबलीच. साऱ्या देशाच्या पिकाशी तुलना केली तर बंद झालेला तांदूळ फार नव्हता. शेकडा पाच-सहाच्या आतबाहेर. पण तो सर्व देशात सारखा खाल्ला जात नसे. ज्या किनाऱ्यांनी त्यावर संसार बेतला होता त्यांवरच घाव बसला. त्रावणकोरातील गरीब लोक टॅपिओकाच्या कंदांवर राहिले. बंगालमध्ये १९४३ साली जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. वुडहेड चौकशी मंडळाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली व नंतरचे अभ्यासक ती याहून पुष्कळ मोठी मानतात. त्यास केवळ तांदळाची तूट कारण नव्हती; सरकारची हयगय, साठेबाजी आणि भाववाढ हीही कारणे होती.

मुंबईत मे १९४३ पासून शिधावाटप सुरू झाले, त्यामुळे निदान माणशी ठरलेले धान्य तरी मिळू लागले. कोकणातील खेड्यांत मात्र हाल झाले. त्या साली आजोबांनी वरची वावरे पुन्हा करावयाचे ठरविले. परंतु बारा वर्षांत बांध ढासळले होते, करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे नाचणीचे बी घरात मूठभरही नव्हते. बी दरवर्षी पेरले तरच टिकते. कणगीत ठेवून बारा वर्षे टिकत नाही. गावात ज्या एका घराने डोंगराकडील नाचणी कधीच सोडली नव्हती ते आमच्याच कुळाचे घर. पैसे नव्हते म्हणून रंगुनी पोते त्यांच्या घरी क्वचितच येई. म्हणून त्यांचे बी शिल्लक. आजोबा स्वतः त्यांच्या अंगणात गेले. कीर्दीत नोंद आहे: ‘नाचणी बी पायली ४, उसने, दिढीने परत करणे.’ खोताने कुळाकडून दिढीने उसने आणावे, ही त्या गावातील पहिलीच वेळ असेल. वडील तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होते. त्या घरच्या म्हाताऱ्याने बी मोजताना एक अक्षरही बोलून दाखविले नाही, याचीच त्यांना जन्मभर लाज वाटत राहिली.

स्वातंत्र्यानंतर तोच प्रश्न दुसऱ्या वेषात आला. अमेरिकेत १९५४ साली सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० झाला, आणि १९५६ पासून त्याखाली गहू आपल्याकडे येऊ लागला. किंमत रुपयांत द्यावयाची, तीही सवलतीने. १९६० साली शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानेच इशारा दिला की, अशा धान्याने घेणाऱ्या देशातील शेतकऱ्याचा भाव पडतो. उलटपक्षी, १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस गेला तेव्हा बोटी आल्या नसत्या तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही. १९६६ साली सुमारे एक कोट टन धान्य बाहेरून आले. बोट बंदरात लागायची आणि धान्य तसेच शिधापत्रिकेवर जायचे, अशी स्थिती. पंतप्रधान शास्त्रीजींनी १९६५ साली सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले, ते आपल्यातील अनेक घरांनी पाळले. त्याच वर्षी शेतमालाच्या भावासाठी आयोग व धान्यखरेदीसाठी अन्न महामंडळ स्थापन झाले. पिकविणाऱ्यास आधी भाव आणि मग खाणाऱ्यास स्वस्त धान्य, हा क्रम त्या वेळी प्रथमच नीट लावला गेला, असे आमचे मत आहे.

१९७२ चा दुष्काळ आम्ही स्वतः पाहिला. देशावर खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी वाटली गेली. आमच्याकडे तितके संकट नव्हते, परंतु शिधादुकानात लाल मिलो येई. मिलो म्हणजे अमेरिकेतील ज्वारीच. तिकडे ती जनावरांस घालतात असे लोक म्हणत व नाक मुरडीत. आई ती निम्मी नाचणीत मिसळून भाकरी करी, कारण नुसत्या मिलोची भाकरी थापताना चिरत असे. ती नाचणी वरच्या वावरांतील होती, १९४३ साली उसन्या आणलेल्या बियाची. आम्ही कुरकुर केली की वडील जेवता जेवता एवढेच म्हणत, “मिलोला नावे ठेवू नका, आणि नाचणी पेरायला विसरू नका.”

आज त्या वावरांत काजू आहे. तोही बाजारभावाच्या हिशेबाने लावला गेला, आणि लावणारे आम्हीच. आमची सून तालुक्याच्या दुकानातून नाचणीचे पीठ आणते. पुडीवर ती कोठे पिकली ते लिहिलेले नसते.

आजोबांच्या कीर्दीत चार पायलींच्या त्या उसन्याची परतफेड कोठे नोंदलेली आढळली नाही. १९४४ ची पाने वाळवीने गेली आहेत. त्या घराचे वंशज सध्या ठाण्यास असतात. त्यांस विचारले असता त्यांनाही काही ठाऊक नाही. ज्ञातिबांधवांस विनंती की, ज्यांच्या माळ्यावर १९३० ते १९५० या काळातील कीर्दी, खतावण्या, शिधापत्रिका किंवा बियाण्यांच्या नोंदी असतील त्यांनी त्या पावसाळ्यापूर्वी एकदा काढून पाहाव्यात व आम्हांस कळवावे. मुणगा, पटणी, राता यांपैकी कोणते भात आपल्या घरी पेरले जाई आणि ते कोणत्या साली बंद झाले, इतकेच एका पोस्टकार्डावर कळविले तरी पुरे.