गाण्यामागची माणसे

लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींना १९६१ साली ब्रायन एप्स्टाइन हा तबकड्यांचा दुकानदार भेटला आणि पुढे त्यांचे गाणे जगभर गेले. आमच्या असोद्याच्या लेकीलाही असे पाठीराखे लाभले. फक्त त्यांत व्यवहार नव्हता.

बहिणाबाई १८८० साली असोद्यात जन्मल्या आणि जळगावच्या चौधरींकडे नांदल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात गाणी सुचत आणि वाऱ्यावर जात. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी जेवढी टिपली, तेवढीच उरली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली. अत्र्यांनी ती प्रकाशात आणण्याचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली.

श्रोतेहो, आम्हांस एकच गोष्ट सलते. बाईंनी आपले पुस्तक पाहिले नाही. गाणे पाठीराख्यांनी घडविले नाही हे खरे. पण टिपणारा हात नसता, तर ते मातीतच जिरले असते. आपल्या घरी एखादी आजी काही गुणगुणत असेल, तर वही आजच काढावी.