ट्रिगरचे सोवळे

‘डेटाबेसात लॉजिक नको, म्हणून ट्रिगरही नकोत, कोणत्या नोंदीत काय बदलले याचा इतिहास अ‍ॅप्लिकेशननेच लिहावा,’ हे मत सॉफ्टवेअरच्या मंडळींत हल्ली सोवळ्यासारखे पाळले जाते. पूर्वपक्षाचे आक्षेप तीन: ट्रिगर डोळ्यांआड राहतो, वेग खातो आणि बदल कोणी केला हे त्याला कळत नाही.

पहिला आक्षेप खरा, पण भलत्याच जागी लावलेला. ट्रिगरमधून ई-मेल पाठवली आणि मागाहून ट्रान्झॅक्शन रोलबॅक झाले, तर गेलेली मेल परत येत नाही. असली कामे तिथे नकोतच. इतिहासाची ओळ मात्र मूळ बदलाबरोबरच टिकते किंवा पुसली जाते. शिवाय डेटाला हात लावणारे अ‍ॅप्लिकेशन एकटेच असते, हे गृहीतक धरायचे कशाच्या जोरावर? कोणी प्रॉडक्शनवर थेट अपडेट चालवतो, कुठे दुरुस्तीची स्क्रिप्ट धावते. इतिहास हवा असतो तो नेमका याच बदलांचा.

वेगाचे म्हणाल तर जादा लिखाण होतेच, ते अ‍ॅप्लिकेशनने केले तरी. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून एका स्टेटमेंटने बदललेल्या सगळ्या ओळी ट्रिगरला एकगठ्ठा मिळतात.

तिसरा आक्षेप खरा वजनदार. कनेक्शन पूलमुळे हजार वापरकर्ते एकाच लॉगिनने आत येतात. पण ट्रान्झॅक्शन सुरू होताच ‘सेट लोकल’ने वापरकर्त्याचा क्रमांक ठेवला की ट्रिगर तो वाचतो. (नुसते ‘सेट’ वापरले, तर तोच क्रमांक पूलमधल्या पुढच्या माणसाला चिकटतो!) आणि क्रमांक रिकामा आढळला, तर बदल मागच्या दाराने झाला हेही कळते.

म्हणून ट्रिगर लावला की काम संपले, असे नव्हे. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटने टेबल रिकामे केले, तर डिलीटचा ट्रिगर चालत नाही. त्यासाठी वेगळा लावावा लागतो. टेबलचा मालक ट्रिगर बंदही करू शकतो, म्हणून अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगिनकडे ती मालकी नसावी.

भारतात 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी कित्येक कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना अहवालात शेरा मारावा लागला: अ‍ॅप्लिकेशनमध्ये ऑडिट ट्रेल होता, डेटाबेसात थेट केलेल्या बदलांसाठी नव्हता.