ताळेबंद कोणी वाचावा?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते इतिहास शिकवताना राजांच्या लढायांपेक्षा त्यांच्या खजिन्याची चौकशी अधिक करावयास लावीत. त्यांचीच वाट धरून आज मी एका मोटार-कारखान्याच्या जमाखर्चाविषयी बोलणार आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या साहाय्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्यातून आलेल्या मोटारीस 'पद्मिनी' हे नाव मिळाले. सुरतेहून गाडीने मुंबई सेंट्रलला उतरून काळ्या-पिवळ्या पद्मिनीत बसला नाही, असा माझ्या पिढीचा माणूस विरळाच.

या कारखान्यात तीन आकड्यांना महत्त्व होते. मोटारीची किंमत सरकार ठरवी. तो वाद १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कामगाराचे वेतन युनियन आणि व्यवस्थापन यांच्या करारातून ठरे. संचालकांच्या मोबदल्यावर १९५६ च्या कंपनी कायद्याने निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची एकूण मर्यादा घातली होती. यांपैकी वेतनाचा आकडा फाटकावरच्या सभेत उघडपणे चर्चिला जाई. संचालकांच्या मोबदल्याचा आकडा मात्र भागधारकांच्या अहवालातच राही, आणि तो अहवाल कामगाराच्या हाती क्वचितच पडे.

डॉ. दत्ता सामंतांचा उदय या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. घाटकोपरचा हा डॉक्टर १९७० नंतरच्या दशकात मुंबईच्या अभियांत्रिकी कारखान्यांतील, त्यात प्रीमियरही आला, कामगारांचा नेता झाला. मालकांचा ताळेबंद पाहून मागणी ठरवायची नाही, ही त्यांची ख्यात पद्धत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि हजारो घरे उद्ध्वस्त झाली. तरीही १९८४ मध्ये त्याच मुंबईने त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांची हत्या झाली. त्यांच्या पद्धतीला आततायी म्हणणे सोपे आहे. परंतु जो ताळेबंद आपल्याला कोणी समजावून दिला नाही, त्यावर कामगाराने विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला उत्तर देणे तितके सोपे नाही.

दुसरी पद्धत आपल्याच गुजरातेत होऊन गेली. १९१८ मध्ये अहमदाबादचे गिरणीकामगार पन्नास टक्के वाढ मागत होते आणि मालक वीस टक्के देऊ करीत होते. गांधीजींनी आधी चौकशी केली, दोन्ही बाजूंची स्थिती पाहिली, आणि मग पस्तीस टक्क्यांची मागणी योग्य ठरविली. शेवटी लवाद म्हणून संस्कृताचे प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव बसले आणि त्यांनीही पस्तीसच दिले. हिशेब उघड झाला, म्हणून निवाडा टिकला.

प्रीमियरचे पुढे काय झाले? १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला. फ्रान्सच्या प्यूजोशी झालेली भागीदारी १९९७ मध्ये संपली आणि काही वर्षांतच पद्मिनीचे उत्पादनही थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. याचा दोष केवळ युनियनला किंवा केवळ मालकांना देणे अनैतिहासिक ठरेल.

प्रीमियरचा पहिला सहकारी क्रायस्लर १९७९ मध्ये बुडत होता. त्याचे प्रमुख ली आयकोका यांनी आपला पगार वर्षाला एक डॉलर केला, कामगारांनी वेतनात सवलत दिली आणि युनियनचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर १९८० मध्ये संचालक मंडळावर बसले. कंपनी सावरली. पण १९८६ मध्ये आयकोकांची प्राप्ती दोन कोटी डॉलरांवर गेली. त्याग वाटून घेतला गेला. फळ मात्र तसे वाटले गेले नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालकांचा मोबदला आणि मध्यम कर्मचाऱ्याचा पगार यांचे गुणोत्तर जाहीर करणे बंधनकारक केले. ही सुधारणा उशिरा आली, पण आली. मात्र उधना-लिंबायतच्या मागांवर राबणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवाला असे गुणोत्तर कोण सांगणार?

मित्रहो, आपल्यापैकी काही जण आज कारखानदार आहेत, काही व्यवस्थापक, काही कामगार. मंदी येईल तेव्हा जो दुसऱ्याकडे त्याग मागेल, त्याने आपली वही प्रथम उघडावी. गुरुवर्यांना याहून वेगळी आदरांजली मला सुचत नाही.