सारथ्याविना रथ

बऱ्हाणपूरच्या बाजारातून रात्री गावाकडे परतणारी बैलगाडी तापीच्या खोऱ्यातील जुन्या पिढीच्या चांगली परिचयाची होती. माल विकून, चार पैसे कनवटीला लावून निघालेला धुरकरी शहराची वेस मागे पडताच कासरा सैल सोडी, घोंगडी अंगावर ओढी आणि निर्धास्त झोपी जाई. गाडी फोपनारची असो वा शेजारच्या दुसऱ्या एखाद्या गावची. पहाटे ती आपल्याच अंगणात येऊन उभी राही. (फोपनारचे नाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना १९६४ साली तेथे सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्तींमुळे ठाऊक आहे, पण गाव मुळात शेतकऱ्यांचे, म्हणजेच गाडी-बैलांचे.) चालकाविना चालणाऱ्या वाहनाची कल्पना या प्रदेशाला सर्वस्वी परकी आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

हा प्रवास निर्विघ्न होई, याला कारणे होती. बैलाला घरची वाट ठाऊक असे, आणि वर्षानुवर्षांच्या रहदारीने पडलेली चाकोरी चाकांना इकडेतिकडे जाऊ देत नसे. तिसरे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलेले असले किंवा समोर काही अनोळखी दिसले, की बैल पाय रोवून उभा राही. गाडीच्या त्या थांबण्यानेच मालकाला जाग येई. बैलाला सर्व काही समजत होते असे नव्हे. आपल्याला समजत नाही, एवढे त्याला समजत होते. यंत्राच्या हाती वाहन सोपवावे की नाही, या आजच्या वादात ज्या गुणाची चौकशी सर्वांत आधी व्हावयास हवी, तो हाच गुण होय. यंत्राच्या अंगी तो कसा आणावा, हे माणूस मोटारीच्या आधी रेल्वेच्या रुळांवर शिकला, आणि त्यासाठी त्याला जबर किंमत मोजावी लागली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. पुढे हाच मार्ग थळ घाट चढून, भुसावळ आणि बऱ्हाणपूरवरून खांडव्याकडे वळला आणि १८७० साली जबलपूर येथे कलकत्त्याच्या मार्गास जाऊन मिळाला. बऱ्हाणपूरचा उतारू मुंबईस निघाला की त्याला इगतपुरीच्या पुढे थळ घाट उतरावा लागतो. या घाटात चढ इतका तीव्र आहे, की काही ठिकाणी सदतीस फुटांच्या अंतरात मार्ग एक फूट उतरतो. अशा उतारावर ब्रेक निकामी झाला तर गाडीचे काय होईल, हा विचार तेव्हाच्या अभियंत्यांच्या मनात सतत असे. त्यांनी उतारावर मुख्य मार्गाला फुटणारे आणि डोंगराच्या अंगावर चढत जाऊन संपणारे आंधळे रूळ घातले. सांध्याची रचना अशी, की तो नेहमी या आंधळ्या मार्गाकडेच वळलेला असावा. उतरणारी गाडी ताब्यात आहे, ठरल्या जागी थांबू शकते, हे तिने दाखवून दिल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरवावयाचा. गाडी ताब्यात नसेल तर कोणी काही न करताही ती चढावर जाऊन आपोआप मंदावते.

येथे चालकावर अविश्वास दाखविलेला नाही, तसा यंत्रावर आंधळा विश्वासही टाकलेला नाही. काही कळले नाही, कोणी काही केले नाही, तर जे घडेल ते सुरक्षित असावे, एवढीच ही व्यवस्था आहे. दीडशे वर्षे लोटली तरी तिच्याहून मोठा शोध वाहतुकीच्या सुरक्षिततेत लागलेला नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

हीच गोष्ट ब्रेकच्या बाबतीत इंग्रजांना त्यांच्याच देशात फार उशिरा पटली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ मुलांनी भरलेली सहलीची गाडी चढावर अडली. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग वर न्यावा, असे ठरले. डबे सोडताच मागच्या भागाचा ब्रेक सुटला, कारण तो इंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच काम करणारा होता. ते डबे उताराने मागे धावत सुटले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जीव गेले, त्यांत कित्येक मुले होती. वास्तविक, डबे सुटले की स्वतःच आवळला जाणारा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८७२ सालीच सिद्ध केला होता. तो सक्तीचा करणारा कायदा मात्र आर्माच्या अपघातानंतर, त्याच वर्षी झाला. सतरा वर्षे उपाय हाताशी होता. त्याला खर्च येतो म्हणून तो राहिला होता.

भारतीय रेल्वेने अलीकडे बसविण्यास घेतलेली 'कवच' यंत्रणा याच परंपरेतील आहे. चालकाने तांबडा सिग्नल ओलांडला किंवा वेगाची मर्यादा मोडली, तर ती स्वतः ब्रेक लावते. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादजवळ एकाच रुळावर समोरासमोर गाड्या सोडून तिची चाचणी घेण्यात आली. रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले होते, आणि ते इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर आपोआप थांबले. दिल्लीत तर २८ डिसेंबर २०२० पासून मेट्रोच्या एका मार्गावर चालकाविना गाड्या धावू लागल्या. पण यावरून यंत्र आले म्हणजे चिंता मिटली, असे समजणे भाबडेपणाचे होईल. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेसला हिरवा सिग्नल मिळाला होता आणि सांधा मात्र मालगाडी उभ्या असलेल्या रुळाकडे वळलेला होता. दोनशे नव्वदहून अधिक माणसे मेली. चालकाचा त्यात दोष नव्हता. सिग्नलच्या तारांची जोडणी दुरुस्तीच्या कामात चुकली होती. बिनचूक यंत्रालाही शेवटी माणसाच्याच हाताने तारा जोडाव्या लागतात.

रस्त्याची कथा अगदी निराळी आहे. रेल्वेला चाकोरी आहे, सिग्नल आहे, पुढची गाडी कोठे आहे हे सांगणारा स्टेशनमास्तर आहे. रस्त्यावर हे सर्व एकट्या चालकाच्या डोळ्यांत आणि पायांत कोंबलेले असते. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. बालासोरच्या दुर्घटनेने सारा देश हळहळला, आणि ते योग्यच होते. परंतु तिच्याहून मोठा संहार रस्त्यांवर रोज होतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत संपतो. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदलेले आहे. बऱ्हाणपूरला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी जळून मेले. रुंद, सरळ, निर्विघ्न असा तो रस्ता. असा रस्ता चालकाचे काम सोपे करतो आणि नेमक्या त्याच कारणाने त्याच्या पापण्या जड करतो.

माणूस थकतो, पेंगतो, रागावतो, पितो. यंत्र यांतले काही करीत नाही. आपोआप चालणाऱ्या मोटारीचे सारे आकर्षण या एका वाक्यात आले. प्रारंभ हास्यास्पद होता. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत लावण्यात आली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी अवघी बारा किलोमीटर जाऊन अडकली. दीड वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गाडीने २१२ किलोमीटरचा मार्ग सात तासांच्या आत पार केला. गूगलने २००९ मध्ये हे काम हाती घेतले आणि त्यातून निघालेल्या वेमो कंपनीने २०२० च्या ऑक्टोबरात फिनिक्स शहरात चालकरहित टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली केली. स्विस री या विमासंस्थेने वेमोबरोबर केलेली पाहणी २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. सुमारे चार कोटी किलोमीटर प्रवासात, मानवी चालकांच्या तुलनेत शारीरिक इजेचे दावे ९२ टक्क्यांनी आणि मालमत्तेच्या हानीचे ८८ टक्क्यांनी कमी आढळले. कंपनी स्वतःच पाहणीत भागीदार आहे आणि ही शहरे आखीव रस्त्यांची, आधीच बारकाईने मोजलेली आहेत, हे ध्यानात ठेवूनही हा आकडा हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

उलट बाजूचा दाखला अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथला. १८ मार्च २०१८ च्या रात्री उबर कंपनीची प्रायोगिक मोटार, सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर आदळली आणि ती मरण पावली. यंत्राला ती दिसली नव्हती असे नाही. धडकेपूर्वी पाच-साडेपाच सेकंद ती दिसली होती. पण ही वस्तू मोटार आहे, सायकल आहे, की आणखी काही, याबद्दल यंत्राचे मत क्षणोक्षणी बदलत राहिले, आणि मत ठरेपर्यंत गाडी धावत राहिली. मूळ मोटारीत असलेली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीच्या वेळी बंद ठेवण्यात आली होती. बैल अशा वेळी उभा राहिला असता. देखरेखीसाठी बसविलेली व्यक्ती त्या वेळी मोबाइलच्या पडद्याकडे पाहत होती. काम काहीच नाही, पण लक्ष मात्र अखंड हवे, ही मागणी माणसाच्या स्वभावालाच मानवत नाही. सरळ चाकोरीवर धुरकऱ्याला झोप लागे ती याच न्यायाने. फरक इतकाच, की त्याच्या बैलांचा वेग पायी चालणाऱ्या माणसाहून जास्त नव्हता.

आता हे यंत्र आपल्या रस्त्यावर आले तर काय होईल? मध्य प्रदेशातच, भोपाळमध्ये, संजीव शर्मा यांची 'स्वायत्त रोबोट्स' ही संस्था काही वर्षे हाच प्रयोग करीत आहे. शहराच्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यांतून चालकाविना जाणाऱ्या त्यांच्या बोलेरो गाडीची चित्रफीत २०२४ साली देशभर पाहिली गेली. फिनिक्सच्या रस्त्यावर नियम मोडणारा अपवाद असतो. येथे उलट्या दिशेने येणारी दुचाकी, रस्त्यात बसलेली गाय आणि लग्नाची वरात यांना धरूनच गणित मांडावे लागते. ते सुटेल की नाही, हे आज सांगणे धाडसाचे आहे. पण प्रश्न सगळी गाडी यंत्राच्या स्वाधीन करण्याचाच आहे, असेही नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत, धडक होणार असे दिसताच आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला आहे. चालक जागेवरच आहे. तो चुकला तर गाडी थांबते. थळ घाटातील सांध्याचीच ही वंशज.

केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे, चालकरहित मोटारींना आपण देशात वाव देणार नाही, असे सांगितले, कारण लाखो चालकांची भाकरी त्यावर आहे. हे कारण क्षुल्लक नव्हे. बऱ्हाणपूर आणि रावेरच्या मळ्यांतील केळी ट्रकांनी उत्तरेकडे जातात. माल नाशवंत, म्हणून गाडी रात्रंदिवस पळवावी लागते, आणि सुकाणूवर बसलेला माणूस कोणत्या तरी घरचा एकटा मिळवता असतो. परंतु त्याची नोकरी वाचविणाऱ्यांनी त्याची झोपही वाचवावयास हवी. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ साली झाला आणि त्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली. रात्री महामार्गावरील धाब्यावर चहा पिऊन डोळे ताठ ठेवणाऱ्या चालकाला या मर्यादेचा पत्ताही नसतो, मालकाला असला तरी तो सांगत नाही. चालक हवाच, पण त्याला विसावा नको, हे धोरण यंत्रापेक्षाही निर्दय आहे.

शिवाय दोष कोणाच्या माथी, हा प्रश्न उरतोच. भारतातील १९८८ चा मोटार वाहन अधिनियम गाडीमागे परवानाधारक माणूस आहे, असे गृहीत धरूनच रचलेला आहे. त्याच्या जागी यंत्र बसले तर परवाना कोणाचा रद्द करावयाचा, याचे उत्तर त्यात नाही. टेम्पीच्या प्रकरणात २०१९ साली सरकारी वकिलाने कंपनीवर फौजदारी खटल्यास आधार नसल्याचे ठरविले. २०२३ साली शिक्षा झाली ती फक्त त्या आसनावर बसलेल्या व्यक्तीला: देखरेखीखाली तीन वर्षे.