माळरान, कालवा आणि विमान

नातेपुत्याहून नीरेकडे निघालें कीं उसाचे फड लागतात. माणदेशाकडे वळलें कीं खडकाळ माळरान सुरू होतें. पंढरीच्या वाटेनें चालणाऱ्या वारकऱ्यास हा भेद सावलीचा आणि पाण्याचा वाटतो. परंतु आकाशांत ज्याचें एकुलतें एक इंजिन बंद पडलें आहे, त्या वैमानिकास तोच भेद जीवनमरणाचा होतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीची टपाल अहमदाबादमार्गें मुंबईस आणली. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ती बळ्ळारीवरून मद्रासला घेऊन गेले. विमान लहान, इंजिन एक, आणि वाट दाखविणारें बिनतारी यंत्र नाहीं. अशा प्रवासांत वाटेवरचें प्रत्येक मोकळें माळरान हा एक मूक आधारच होता.

त्याच सुमारास तें माळ पालटूं लागलें होतें. १९२८ सालीं भाटघरचें मोठें धरण पुरें झालें. नीरेच्या उजव्या कालव्यानें माळशिरसच्या कोरड्या रानांत पाणी आणलें. नीरेपलीकडे कळंबजवळ शेठ वालचंद हिराचंद यांनीं उसाचें वालचंदनगर वसविलें. १९४० सालीं बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढणारे गृहस्थही तेच! ज्या हातांनीं विमानांचा कारखाना उभारला, त्यांनींच माळ उसाखालीं आणावा, हा इतिहासाचा मौजेचा योग होय.

इंजिन थांबलें म्हणून विमान दगडासारखें पडत नाहीं. तें तरंगत उतरतें. शिकाऊ वैमानिकांचें सेस्ना १५२ हें विमान निवांत हवेंत उंचीच्या सुमारें नऊपट अंतर कापतें. म्हणजे ३०० मीटरांवरून पावणेतीन किलोमीटर, आणि हातीं वेळ अवघा दीड मिनिटाचा. तेवढ्यांत धुरावरून वारा ओळखावयाचा, त्यास सामोरें जावयाचें, आणि नांगरटीचें रान असेल तर तासांच्या दिशेनें उतरावयाचें. उंच उसांत विमान उलथण्याचें भय. पावसाळ्यांत काळ्या रानांत चाकें रुततात. विजेच्या तारा वरून दिसत नाहींत. खांब दिसले कीं तार आहेच असें समजावें.

२५ जुलै २०२२ रोजीं बारामतीहून निघालेलें असेंच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. सुदैवानें तें एकटी चालविणारी विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर बचावली.

म्हणून कालव्यास कोणी दोष देऊं नये. त्यानें हजारों घरांत चूल पेटविली आहे. पण पूर्वी माळ जें सहज देत असे, तें आतां वैमानिकाच्या सावध नजरेनें मिळवावें लागतें. उतरावयाची जागा संकट आल्यावर शोधावयाची नसते. इंजिन सुरळीत गुणगुणत असतांनाच ती एकामागून एक हेरीत जावयाची असते. हा धडा केवळ आकाशांतल्या प्रवाशांपुरताच आहे, असें नाहीं.